घरच्या घरी मुद्रित मंडल

एखादा बिघडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ किंवा निकामी झालेला रिमोट कंट्रोल मिळाला, तर त्यातील सेल काढून टाका आणि झाकण उघडून आत पाहा. आत एक तपकिरी किंवा हिरवी पाटी दिसेल. पाटीच्या एका बाजूला रंगीत पट्ट्यांचे रोधक, डबीसारखी धारित्रे आणि तीन पायांचे ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसवलेले असतात. ते एकमेकांना जोडणाऱ्या तारा मात्र कोठेच दिसत नाहीत. पाटी उलटी केली की उलगडा होतो. मागच्या बाजूला तांब्याच्या चपट्या, नागमोडी वाटा पाटीला घट्ट चिकटलेल्या दिसतात. याच त्या मंडलातील तारा. अशा पाटीला मुद्रित मंडल म्हणतात. दुकानदार आणि कारागीर तिला 'पीसीबी' या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात.

या तांब्याच्या वाटा पाटीवर येतात कशा? कोणी त्या कापून चिकटवतो का? तसे नाही. सुरुवातीला संपूर्ण पाटीवर तांब्याचा अखंड पत्रा असतो. हवा तेवढा भाग झाकून ठेवतात आणि उरलेले तांबे एका रसायनात विरघळवून टाकतात. हे काम शाळेच्या प्रयोगशाळेत, किंवा मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली घरीही करता येते. ते करताना रसायनशास्त्रातील एक मजेदार कोडे सुटते आणि एक जबाबदारीही अंगावर येते. विरघळलेले तांबे नाहीसे होत नाही. ते जाते कोठे, हे शेवटपर्यंत पाहिले, तरच प्रयोग पुरा झाला असे म्हणता येईल.

तारांचे जंजाळ

व्हॉल्व्हचे रेडिओ होते त्या काळी पत्र्याच्या सांगाड्यावर भाग बसवत आणि त्यांच्यामधील प्रत्येक तार कारागीर हाताने जोडत असे. शंभर जोड असले, तर शंभर वेळा तार कापायची, सोलायची, वळवायची आणि डाख द्यायचा. एक तार चुकीच्या जागी गेली की संच मुका! शिवाय एका कारागिराने जोडलेला संच दुसऱ्याच्या संचासारखा तंतोतंत होत नसे.

सपाट धातूच्या पट्ट्या विद्युत् रोधक पाटीवर चिकटवून तारांचे काम भागवावे, ही कल्पना जुनी आहे. आल्बर्ट हॅन्सन याने १९०३ सालीच तशा अर्थाचे पेटंट मागितले होते. पण तिला आजच्या वळणावर आणले ते पॉल आइस्लर या अभियंत्याने. १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेला आइस्लर १९३६ साली इंग्लंडमध्ये आला. व्हिएन्नात असताना त्याचा छपाईच्या धंद्याशी संबंध आला होता. छापखान्यात एकाच ठशावरून हजारो प्रती निघतात, आणि पहिली प्रत व हजारावी प्रत यांत फरक नसतो. मग मंडलेही का छापू नयेत, असा विचार त्याने केला. लंडनच्या हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या छापखान्याने त्याला आधार दिला आणि १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केले. तांब्याच्या पत्र्यावर शाईने आराखडा छापायचा आणि उघडे राहिलेले तांबे रसायनाने खाऊ द्यायचे, हे त्याच्या पद्धतीचे सार होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही, तोफगोळ्यात मावतील एवढ्या लहान रेडिओ-यंत्रणांसाठी, चिनी मातीच्या पट्टीवर मंडले छापण्याची पद्धत वापरली गेली. पुढे १९४९ साली अमेरिकी लष्कराच्या संदेश विभागातील मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांनी पाटीला छिद्रे पाडून भागांचे पाय त्यांत ओवले आणि सर्व जोडांना वितळलेल्या डाखात एकदम बुडवून घेतले. शंभर जोडांचे काम एका बुडीत झाले! 'मुद्रित' हा शब्द आजही या पाटीला चिकटला आहे, तो या छापखान्याच्या नात्यामुळे.

झाकले ते टिकले

बाटिकचा रुमाल कसा रंगवतात, हे तुम्ही चित्रकलेच्या तासाला पाहिले असेल. कापडावर मेणाने नक्षी काढतात आणि कापड रंगात बुडवतात. मेणाखालचा भाग कोरा राहतो. मुद्रित मंडलाचे तत्त्व हेच आहे. मेणाऐवजी येथे ऑइलपेंट किंवा न पुसणारी शाई असते आणि रंगाऐवजी तांबे खाणारे रसायन. ज्यावर रंग तेथे तांबे टिकते, बाकीचे जाते.

यासाठी लागणारी पाटी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात 'कॉपर क्लॅड' या नावाने मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली यांसारख्या ठिकाणी तिचे लहान तुकडेही मिळतात. कागद व फिनॉलिक राळ यांची तपकिरी पाटी स्वस्त असते आणि तिला छिद्रे सहज पडतात. काचतंतू व इपॉक्सी यांची पाटी अधिक मजबूत असते, पण तिची धूळ नाकातोंडात जाणे वाईट. नवशिक्यांनी तपकिरी पाटी घ्यावी. पाटीची जाडी बहुधा १.६ मिलिमीटर असते आणि तिच्यावरील तांब्याची फक्त ३५ मायक्रोमीटर, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर. आपल्या डोक्यावरचा केसही साधारणपणे याहून जाड असतो.

एवढे पातळ तांबे वीज वाहून नेईल का, अशी शंका तुम्हाला येईल. हिशेब करून पाहू. १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब अशा वाटेचा रोध सुमारे ०.०५ ओहम भरतो. तिच्यातून २० मिलिअँपिअर धारा गेली, तर विभवांतर फक्त १ मिलिव्होल्टने घटेल. सेलवर चालणाऱ्या मंडलात एवढी घट नगण्य आहे. घरातील २३० व्होल्टचा वीजपुरवठा मात्र अशा घरगुती पाटीला कधीही जोडू नये. त्यात जिवाला धोका आहे.

आधी आराखडा

पहिल्या प्रयोगासाठी आळीपाळीने लुकलुकणाऱ्या दोन दिव्यांचे मंडल घेऊ. त्याला पुढील भाग लागतात : बीसी ५४७ जातीचे २ ट्रान्झिस्टर, २ लाल एलईडी, ४७० ओहमचे २ रोधक, ४७ किलोओहमचे २ रोधक, १० मायक्रोफॅरडची २ धारित्रे (दुकानात 'कंडेन्सर' म्हणून मागा) आणि ३ सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मंडलाची आकृती आणि पाटीवरचा आराखडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकृतीत दोन रेषा एकमेकींना छेदल्या तरी चालते. पाटीवर दोन वाटा एकमेकींना भिडल्या, तर त्या जोडल्याच जातात. म्हणून पाटीवरील तांब्याची 'बेटे' आहेत असे समजावे. एका बेटावरील सर्व पाय एकमेकांना जोडलेले, आणि दोन बेटांमध्ये रिकामी खाडी. आपल्या मंडलात अशी ८ बेटे होतात :

१. धन बेट : बॅटरीचे धन टोक, दोन्ही एलईडींचे लांब पाय, ४७ किलोओहमच्या दोन्ही रोधकांचे एकेक टोक.
२. ऋण बेट : बॅटरीचे ऋण टोक, दोन्ही ट्रान्झिस्टरांचे एमिटर.
३. पहिल्याचा कलेक्टर, पहिल्या धारित्राचे धन टोक, ४७० ओहमच्या पहिल्या रोधकाचे एक टोक.
४. दुसऱ्याचा कलेक्टर, दुसऱ्या धारित्राचे धन टोक, ४७० ओहमच्या दुसऱ्या रोधकाचे एक टोक.
५. पहिल्याचा बेस, दुसऱ्या धारित्राचे ऋण टोक, ४७ किलोओहमच्या पहिल्या रोधकाचे दुसरे टोक.
६. दुसऱ्याचा बेस, पहिल्या धारित्राचे ऋण टोक, ४७ किलोओहमच्या दुसऱ्या रोधकाचे दुसरे टोक.
७. पहिल्या एलईडीचा आखूड पाय आणि ४७० ओहमच्या पहिल्या रोधकाचे उरलेले टोक.
८. दुसऱ्या एलईडीचा आखूड पाय आणि ४७० ओहमच्या दुसऱ्या रोधकाचे उरलेले टोक.

पाय मोजून पाहा. ५, ३, ३, ३, ३, ३, २ आणि २ मिळून २४ होतात. म्हणजे पाटीला २४ छिद्रे लागतील. आराखडा पुरा झाला की ही मोजणी अवश्य करावी. एखादा पाय विसरला असेल, तर तो येथेच सापडतो.

आराखड्यासाठी ठिपक्यांच्या रांगोळीसारखा कागद घ्या. ठिपक्यांतील अंतर २.५४ मिलिमीटर ठेवल्यास उत्तम, कारण इंचाच्या दहाव्या भागाचे हे माप अनेक इलेक्ट्रॉनिक भागांच्या पायांसाठी वापरतात. प्रत्येक पाय ठिपक्यावर येईल अशी भागांची मांडणी करा आणि मग बेटे जोडा. एखादी वाट दुसरीला अडवू लागली, तर घाबरू नका. भाग पाटीच्या एका बाजूला असतात आणि तांबे दुसऱ्या बाजूला. त्यामुळे रोधकाच्या दोन पायांमधून वाट खुशाल जाऊ शकते. रोधक हा त्या वाटेवरचा पूल होतो! मोठमोठे अभियंतेही हीच युक्ती वापरतात. तीही पुरेना, तेव्हा ते पाटीच्या दोन्ही बाजूंना तांबे घेतात, आणि मोबाइलसारख्या यंत्रात तर तांब्याचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात.

आणखी एका ठिकाणी नवखा हमखास फसतो. आराखडा आपण भागांच्या बाजूने पाहून काढतो, आणि तांबे तर पाटीच्या मागे आहे. मागून पाहिल्यावर डावे उजवे होते. रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी कोरतात, तसाच तांब्यावर आराखडा उलटा उतरवावा लागतो. यासाठी कागद उलटा करून, प्रकाशासमोर धरून मागच्या बाजूने गिरवून घ्यावा. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले, तर डावीकडून कलेक्टर, बेस व एमिटर असा क्रम लागतो. तांब्याच्या बाजूने तो बरोबर उलटा दिसेल.

पाटीवर रंग

५ सेंटिमीटर × ८ सेंटिमीटर आकाराचा तुकडा कापून घ्या. तांबे पिंपावरच्या नव्या तांब्यासारखे लखलखीत झाले पाहिजे. घरातील तांब्याचे भांडे घासायला चिंच का लागते? हवेतील ऑक्सिजनमुळे तांब्यावर काळपट थर चढतो. चिंचेतील आम्ल तो थर विरघळवते. पाटीही चिंचेने आणि मऊ घासणीने घासा, साबणाने धुवा आणि पुसून कोरडी करा. त्यानंतर तांब्याला बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा डागसुद्धा रसायनाला अडवतो, आणि मग तेथे नको असलेले तांबे उरते.

छिद्रांच्या जागी टोच्याने हलक्या खुणा करा. त्यांभोवती २ मिलिमीटर व्यासाचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या १ ते १.५ मिलिमीटर रुंदीच्या वाटा बारीक कुंचल्याने ऑइलपेंटने रंगवा. नखांना लावायचे पॉलिश किंवा न पुसणाऱ्या शाईचे चांगले पेनही चालते. शाईचा दुसरा हात द्यावा. वाळल्यावर पाटी उजेडात तिरपी धरून पाहा. रंगात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तरी तेथे वाट तुटू शकते.

ज्यांना लेसर प्रिंटर उपलब्ध आहे, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. या प्रिंटरची शाई म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी असते. गुळगुळीत कागदावर आराखडा छापून तो तांब्यावर पालथा ठेवतात आणि वरून गरम इस्त्री फिरवतात. प्लॅस्टिक वितळून तांब्याला चिकटते. कागद पाण्यात भिजवून सोलून काढला की रंगकाम तयार. कागद पालथा पडल्याने डावे उजवे आपोआप होते, म्हणून येथे भागांच्या बाजूचा आराखडा तसाच छापावा.

लोखंडाचे कोडे

आता रसायनाकडे वळू. ते आहे फेरिक क्लोराइड, म्हणजे लोहाचा क्षार. येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील. शाळेत आपण एक प्रयोग करतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की काही वेळाने खिळ्यावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका होतो. त्यावरून आपण शिकतो की, लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढते. मग येथे लोहाचाच क्षार तांब्याला द्रावणात ओढतो, हे कसे?

उत्तर इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत आहे. लोह तीन अवस्थांत भेटते. खिळ्यातील लोखंड हा धातू. त्याने दोन इलेक्ट्रॉन दिले की फेरस आयन होतो आणि आणखी एक दिला की फेरिक आयन. आता रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. फेरिक आयन इलेक्ट्रॉन ओढण्यात फार बलवान. तांब्याचा आयन मध्यम. फेरस आयन दुबळा. रसायनशास्त्रज्ञ ही ताकद व्होल्टमध्ये मोजतात : फेरिकचे फेरस होताना +०.७७, तांब्याच्या आयनाचे तांबे होताना +०.३४ आणि फेरसचे लोखंड होताना −०.४४. तांबे या शिडीच्या मधल्या पायरीवर आहे. वरच्या पायरीवरचा फेरिक आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि तांबे विरघळते. खालच्या पायरीवरील लोखंडाकडून मात्र तांब्याचा आयनच इलेक्ट्रॉन घेतो आणि पुन्हा धातू होतो. दोन्ही प्रयोग खरे आणि नियम एकच!

आपल्या पाटीवरील एकूण क्रिया अशी :

तांबे + २ फेरिक क्लोराइड → क्युप्रिक क्लोराइड + २ फेरस क्लोराइड

पाटीवर तांबे किती आहे? क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर आणि जाडी ०.००३५ सेंटिमीटर, म्हणून घनफळ ०.१४ घनसेंटिमीटर. तांब्याची घनता ८.९६ धरली, तर वस्तुमान सुमारे १.२५ ग्रॅम. त्यातील सात-दशांश काढायचे म्हटले, तर सुमारे ०.९ ग्रॅम तांबे द्रावणात जाईल. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

द्रावणात पाटी

फेरिक क्लोराइड त्वचेला व डोळ्यांना इजा करते. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस जवळ हवेच. थेंब डोळ्यात गेला, तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. कपड्यावर पडलेला त्याचा तपकिरी डाग जात नाही, म्हणून जुने कपडे घालावेत. भांडे प्लॅस्टिकचेच हवे. ॲल्युमिनिअमच्या किंवा स्टीलच्या भांड्याला हे द्रावण खाते. भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

१०० मिलिलिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम फेरिक क्लोराइडचे पिवळसर खडे थोडे थोडे टाकून ढवळा. पाणी खड्यांवर ओतू नका, कारण विरघळताना उष्णता निर्माण होते. हे भांडे गरम पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवले, तर द्रावण कोमट राहते आणि क्रिया वेगाने होते. शेगडीवर ते कधीही तापवू नये. खिडक्या उघड्या असाव्यात.

पाटीला दोऱ्याने बांधून तांब्याची बाजू खाली करून द्रावणात टांगा. बाजू खाली का? विरघळलेल्या तांब्यामुळे पाटीजवळचे द्रावण जड होऊन तळाशी जाते आणि ताजे द्रावण त्याची जागा घेते. तांबे वर ठेवले, तर वापरलेले द्रावण तेथेच साचून राहते आणि काम मंदावते. मधूनमधून भांडे हलकेच झुलवा. पहिल्या मिनिटातच तांब्याची चकाकी जाऊन ते गुलाबी दिसू लागते. पुढे कडेपासून तांबे नाहीसे होत जाते आणि पाटीचा तपकिरी रंग उघडा पडतो. सर्वसाधारणपणे पंधरा ते तीस मिनिटे पुरतात.

काम होताच पाटी बाहेर काढावी. रसायन तांब्याला वरून खाते, तसे रंगाखाली शिरून बाजूनेही खाते. पाटी जास्त वेळ राहिली, तर वाटा अरुंद होत जातात आणि बारीक वाट तुटतेसुद्धा. म्हणूनच आपण वाट १ मिलिमीटरपेक्षा रुंद ठेवली. पाटी थोड्या पाण्यात दोनदा विसळा. हे विसळलेले पाणी फेकू नका, द्रावणातच साठवा.

छिद्रे, कल्हई आणि डाख

रंग खरवडून किंवा थिनरने पुसून काढला की खालून चकचकीत वाटा निघतात. १ मिलिमीटरच्या सुईने हातड्रिलच्या साहाय्याने तांब्याच्या बाजूने छिद्रे पाडा. धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

उघडे तांबे काही दिवसांत पुन्हा काळवंडते. त्यावर उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला कथलाचा पातळ थर देत असे. पाटीच्या वाटांवरही असाच डाखाचा पातळ थर द्यावा. कल्हईवाला भांडे साफ करायला नवसागर वापरतो. आपण मात्र तो वापरायचा नाही, कारण त्याचा अंश मागे राहिला तर बारीक वाटा गंजतात. येथे राळ वापरतात. राळ गरम असताना तांब्यावरील ऑक्साइड काढते आणि थंड झाल्यावर निरुपद्रवी राहते.

भागांचे पाय छिद्रांतून ओवून डाख द्या. आधी तापलेल्या इस्त्रीचे, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचे, टोक पाय व तांबे या दोघांना एकदम टेकवावे आणि मग डाखाची तार तेथे लावावी. चांगला जोड चकचकीत आणि पायथ्याशी पसरलेला दिसतो. गोळ्यासारखा दिसणारा जोड कच्चा असतो. जुन्या प्रकारच्या डाखात कथलाबरोबर शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. शिसे नसलेला डाख मिळाल्यास तो घ्यावा. सेल जोडा. दोन्ही दिवे आळीपाळीने, सेकंदाला साधारण दोन वेळा, लुकलुकू लागतील. न लागल्यास धारित्रांची व एलईडींची दिशा आणि ट्रान्झिस्टरचे पाय पुन्हा तपासा.

तांबे गेले कोठे?

दिवे लागले की सर्वांचे लक्ष तिकडे जाते आणि हिरवट झालेले द्रावण कोणीतरी मोरीत ओतून मोकळे होते. हे कदापि होऊ देऊ नका.

द्राक्षबागांत आणि कोकणातील सुपारीच्या बागांत बुरशी मारण्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. ते मोरचूद आणि चुना यांचे असते. बुरशीला मारणारे तांबे ओढ्यातील शेवाळाला, गोगलगाईंना आणि माशांनाही मारते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) एका लिटर पाण्यात तांबे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले आहे. दुसरे पाणी उपलब्ध नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. आपले ०.९ ग्रॅम, म्हणजे ९०० मिलिग्रॅम तांबे आठवा. ०.०५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने एवढे तांबे १८,००० लिटर पाण्याची मर्यादा गाठायला पुरेसे आहे. एका वर्गातील तीस मुलांनी तीस पाट्या केल्या, तर काय होईल, याचा गुणाकार तुम्हीच करा.

सुदैवाने द्रावण लगेच टाकण्याची गरजच नसते. ५० ग्रॅम खडे, सिद्धांताप्रमाणे, सुमारे ५.९ ग्रॅम तांबे विरघळवू शकतात. प्रत्यक्षात त्याच्या बरेच आधी क्रिया मंदावते, तरी एकाच द्रावणात तीन-चार पाट्या सहज होतात. तोवर ते प्लॅस्टिकच्या बाटलीत, नाव व धोक्याची सूचना लिहून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

द्रावण अगदी मंदावले की शिडीची खालची पायरी उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या बादलीत, उघड्या हवेत, द्रावणात तेवढेच पाणी मिसळा आणि लोहकीस चिमूटचिमूट टाका. हिशेबाने ५० ग्रॅम खड्यांना ५.२ ग्रॅम लोखंड लागते. आपण १० ग्रॅम घेऊ. द्रावण गरम होईल आणि थोडे बुडबुडेही येतील. तो हायड्रोजन असल्याने जवळ ज्योत नको आणि बादलीला झाकण नको. उरलेले फेरिक आयन प्रथम फेरस होतील आणि नंतर लालसर तांबे तळाशी साचू लागेल. शाळेतला मोरचुदाचा प्रयोग येथे खरोखरीच्या कामाला आला! दुसऱ्या दिवशी द्रावणात एक स्वच्छ खिळा तासभर ठेवा. त्यावर तांबे चढले नाही, तर बहुतेक तांबे बाहेर आले असे समजावे.

वरचे द्रावण दुसऱ्या बादलीत ओता आणि त्यात धुण्याचा सोडा, लाल लिटमस निळा होईपर्यंत, हळूहळू मिसळा. लोह आणि राहिलेले थोडे तांबे हिरवट गाळाच्या रूपाने खाली बसते. हवा लागली की गाळ तपकिरी होतो. तो कापडातून गाळून वाळवा. हा गाळ आणि आधी मिळालेले तांबे वेगवेगळ्या डब्यांत बंद करून, नाव लिहून शिक्षकांकडे द्या. गावात घातक कचरा स्वीकारण्याची सोय असेल, तेथे गाळ पोचवता येईल. गाळून निघालेले पाणी मुख्यतः मिठाचे असते. ते भरपूर पाण्याबरोबर सोडता येते.

आज संगणकावर आराखडा करून कारखान्याकडे पाठवला, तर तयार पाट्या घरपोच मिळतात आणि त्या आपल्या पाटीपेक्षा सुबकही असतात. म्हणून हाताने पाटी करण्यात काही अर्थ नाही असे मात्र समजू नका. कारखान्यातून फक्त पाटी घरी येते. तिच्यावरून काढलेले तांबे आपल्याला दिसत नाही. घरी केलेल्या पाटीत ते बादलीच्या तळाशी, आपल्या डोळ्यांसमोर असते.

करून पाहा

१. बादलीतून मिळालेले तांबे स्वच्छ धुऊन, वाळवून शाळेच्या तराजूवर तोला. हिशेबातील आकड्याशी ते किती जुळते? जास्त भरले, तर त्यात आणखी काय मिसळलेले असेल? चुंबक फिरवून पाहा.

२. तांब्याची बाजू वर आणि खाली ठेवून दोन सारखे तुकडे एकाच द्रावणात सोडा आणि लागलेला वेळ मोजा.

३. वरील ८ बेटे जास्तीत जास्त लहान पाटीवर बसवण्याची वर्गात चढाओढ लावा. अट एकच : २४ छिद्रे पुरी हवीत आणि दोन बेटे कोठेही भिडता कामा नयेत.